स्वागताचा बॉट चार दिवस चालतो आणि मग गप्प होतो: टेलिग्राम ग्रुपसाठी निदान आणि दुरुस्ती

ग्रुप नवा असतो तेव्हा बॉट झकास चालतो. कोणी आत आलं की नावानिशी नमस्कार, खाली नियमांचं बटण. मग एक दिवस तो थांबतो. नवे लोक येतात, कोणी विचारत नाही, आणि शेवटी ग्रुपमध्येच मेसेज पडतो, "बॉट झोपला काय बे?" ॲडमिन बॉटला काढून पुन्हा घेतो, तो कधी चालतो, कधी नाही, आणि आठवड्याने गाडी पुन्हा तिथेच. टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांचा ग्रुप असो, जुळे सोलापुरातल्या सोसायटीचा असो की स्पर्धा परीक्षेच्या पोरांचा, दुरुस्ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. स्वागताचा मजकूर बदलतात, कोड नव्याने लिहितात, नवाच बॉट बनवतात. मजकुरात दोष क्वचितच असतो. नवा मेंबर आला ही बातमी बॉटपर्यंत पोचली का, आणि बॉटचं उत्तर टेलिग्रामने स्वीकारलं का, या दोन प्रश्नांच्या मध्ये कुठेतरी तो सापडतो.

हे सगळं टेलिग्रामबद्दल आहे. व्हॉट्सॲपवर असंच करून हवं असणारे पुष्कळ, पण व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधला ग्रीटिंग मेसेज एकेकट्या ग्राहकासाठी असतो. त्याने पहिल्यांदा मेसेज केला किंवा १४ दिवस काही बोलणं झालं नाही, तर तो जातो. ग्रुपमध्ये आलेल्या माणसाशी त्याचा संबंध नाही. साध्या ग्रुपवर स्वागत करणारे जे बॉट विकले जातात ते बहुतेक व्हॉट्सॲप वेबच्या आडून चालणाऱ्या अनधिकृत लायब्ररीवर असतात, आणि त्यात नंबर बंद पडू शकतो. बिलबुकावर आणि दुकानाच्या बोर्डावर छापलेल्या नंबरावर हा खेळ करू नये.

खाली आज्ञांची आणि फील्डची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

कोडला हात लावण्याआधी टेलिग्रामला विचारा

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टेलिग्रामच्या बॉट एपीआयचा, म्हणजे बॉट जिथून टेलिग्रामशी बोलतो तिथला, पत्ता लिहा (एपीआय डॉट टेलिग्राम डॉट ऑर्ग), त्यापुढे स्लॅश, मग "बॉट" हा शब्द, त्याला चिकटून टोकन (बॉट बनवताना मिळालेली गुप्त किल्ली), पुन्हा स्लॅश, आणि शेवटी गेटवेबहुकइन्फो. बॉट हा शब्द आणि टोकन यांच्यात जागा सोडली की ४०४, म्हणजे "पत्ता सापडत नाही", येतो. अर्धे लोक इथेच टोकन खराब झालं असं समजतात. आणि हे काम आपल्याच मशीनवर करा. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर केलंत तर टोकन हिस्टरीत राहील. ज्याच्याकडे टोकन, त्याच्याकडे बॉट.

उत्तरात चार गोष्टी बघायच्या. पहिली, यूआरएल. ती रिकामी असेल तर बॉट पोलिंगवर आहे, म्हणजे तुमचा प्रोग्राम सतत चालू असायला हवा आणि त्याने स्वतः जाऊन अपडेट, म्हणजे ग्रुपमधल्या घडामोडींच्या बातम्या, आणायला हवेत. दुसरी, पेंडिंग अपडेट काउंट. हा आकडा वाढत असेल तर टेलिग्राम द्यायला तयार आहे, तुम्ही घेत नाही. तिसरी, लास्ट एरर मेसेज. वेबहुकवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या पत्त्यावर टेलिग्राम स्वतःच अपडेट आणून टाकतं त्यांना, निम्मं निदान इथेच मिळतं. चौथी, अलाउड अपडेट्स. हिच्याकडे कोणी बघत नाही आणि पुन्हा पुन्हा होणारा त्रास बहुतेक हिच्यातूनच येतो.

पेंडिंग शून्य, एरर नाही आणि तरी बॉट गप्प, असं असेल तर दोनच शक्यता राहतात. एक तर तुम्हाला हवी ती बातमी टेलिग्राम पाठवतच नाही, नाहीतर तुमचं उत्तर परत फिरतंय.

नवा मेंबर आल्याची बातमी दोन वाटांनी येते

पहिली वाट म्हणजे ग्रुपमध्ये दिसणारी करडी ओळ, "अमुक जॉइन झाले". हा सर्व्हिस मेसेज. बॉटला तो साध्या मेसेजसारखा मिळतो, आत न्यू_चॅट_मेंबर्स नावाची यादी असते. यादी हा शब्द लक्षात ठेवा: एखाद्याने एकदम पाच जणांना घेतलं तर पाचही नावं एकाच मेसेजमध्ये येतात. फक्त पहिलं नाव उचलणारा कोड एकाचं स्वागत करतो आणि बाकीचे चौघे तसेच राहतात. त्या यादीत खुद्द बॉटही असू शकतो. इज_बॉट तपासलं नसेल तर तो स्वतःलाच हार घालतो.

या वाटेला प्रायव्हसी मोडचा अडथळा नाही. "बॉटफादरकडे (टेलिग्रामचा बॉट बनवून देणारा बॉट) जाऊन प्रायव्हसी बंद करा" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण सर्व्हिस मेसेज प्रायव्हसी चालू असतानाही बॉटला मिळतात. प्रायव्हसी बंद करायची ती बॉटने ग्रुपमधलं सगळं बोलणं वाचावं असं असेल तरच. आणि केलीत तर बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा घ्यावं लागतं, तोपर्यंत बदल लागू होत नाही. बॉट ॲडमिन असेल तर प्रायव्हसीचा प्रश्नच उरत नाही, त्याला सगळे मेसेज मिळतात.

अडचण अशी की ग्रुप मोठा झाला की टेलिग्राम ही करडी ओळ टाकणं बंद करतं. "सुरुवातीला चालत होता" या तक्रारीचं हे एक सरळ कारण. कोड तोच, टोकन तेच, ग्रुप मात्र वाढला.

दुसरी वाट चॅट_मेंबर अपडेटची. कोणाचीही स्थिती बदलली की हा अपडेट निघतो. करडी ओळ असो वा नसो. मोठ्या ग्रुपसाठी हीच वाट धरावी, पण तिला दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. बॉट त्या ग्रुपचा ॲडमिन हवा, आणि अलाउड अपडेट्सच्या यादीत चॅट_मेंबर हे नाव मुद्दाम लिहिलेलं हवं. ते न मागता मिळत नाही.

यात तीन सापळे आहेत.

ॲडमिनने वैतागून बॉट काढला आणि पुन्हा घेतला, तर तो साधा मेंबर म्हणून येतो. ॲडमिनपद गेलं, चॅट_मेंबर बंद. म्हणजे ज्या उपायाने तो "सुधारतो" असं वाटतं त्याच उपायाने तो कायमचा बसतो.

अलाउड अपडेट्सची यादी ही पूर्ण यादी असते, जुन्या यादीत घातलेली भर नव्हे. तुम्ही तिथे फक्त चॅट_मेंबर लिहिलंत तर स्वागत सुरू होईल आणि बटणं मरतील, कारण कॉलबॅक_क्वेरी, म्हणजे बटण दाबल्याची बातमी, यादीतून गेली. आज्ञांना उत्तर देणंही थांबेल, कारण मेसेजही गेला. स्वागत, बटणं आणि आज्ञा तिन्ही हवं असेल तर यादीत किमान मेसेज, चॅट_मेंबर, माय_चॅट_मेंबर (खुद्द बॉटची स्थिती बदलल्याची बातमी) आणि कॉलबॅक_क्वेरी ही चार नावं हवीत. जॉइन रिक्वेस्ट वापरत असाल तर चॅट_जॉइन_रिक्वेस्ट पाचवं.

तिसरा सापळा सगळ्यात चिवट. ही यादी टेलिग्रामच्या बाजूला साठवलेली असते, आणि पुढच्या वेळी यादी दिलीच नाही तर जुनीच लागू राहते. कोणी चाचणीसाठी त्याच टोकनावर दुसरी छोटी स्क्रिप्ट चालवली, तिने आपली यादी लावली आणि ती बंद झाली, की मूळ बॉट त्या नव्या यादीवर चालू लागतो. मूळ कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसतं. म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना आपली पूर्ण यादी पाठवायची. पायथन टेलिग्राम बॉट लायब्ररीत रन_पोलिंगला अलाउड_अपडेट्स म्हणून अपडेट डॉट ऑल_टाइप्स दिलं की भागतं. ऑल_टाइप्स ठेवायला मन धजत नसेल तर नावं हाताने लिहा, पण लिहा.

आता चॅट_मेंबर आला म्हणजे माणूस नवा आला, असंही नाही. मेंबरला ॲडमिन केलं तरी हाच अपडेट येतो. कोणावरचं बंधन उठवलं तरी येतो. त्यामुळे जुनी आणि नवी स्थिती दोन्ही बघा: आधी लेफ्ट किंवा किक्ड, आता मेंबर, तरच स्वागत. रिस्ट्रिक्टेड ही स्थिती फसवी आहे. तो माणूस आत असतो किंवा बाहेर, ते इज_मेंबर या फील्डवरून कळतं. नियम एकाच ओळीत: आधी बाहेर होता आणि आता आत आहे.

दोन्ही वाटा एकदम ऐकल्या तर एकाच माणसाचं स्वागत दोनदा. एक निवडा. मोठा किंवा वाढणारा ग्रुप असेल तर चॅट_मेंबर.

या वाटेचा आणखी एक फायदा आहे. अपडेटमध्ये माणूस कोणत्या इन्व्हाइट लिंकने आला ते येतं. नवी पेठेतल्या दुकानावरच्या क्यूआरला एक लिंक, व्हॉट्सॲपवर फिरणारी दुसरी, अशा वेगळ्या लिंक ठेवल्या तर कोण कुठून आला ते गूगल शीटमध्ये जमा करता येतं. मात्र या लिंक बॉटकडूनच बनवून घ्या. दुसऱ्या ॲडमिनने बनवलेल्या लिंकचा शेवटचा भाग बॉटला टिंबांनी झाकलेला मिळतो.

गूगल ॲप्स स्क्रिप्टवरचे बॉट: एकाच माणसाचं दहा वेळा स्वागत

फुकट आणि सर्व्हर नको म्हणून बरेच जण ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगलच्याच मशीनवर चालणारा कोड, घेतात. छोट्या ग्रुपला ते पुरतं. साध्या जीमेल खात्याला दिवसाला २०,००० यूआरएल फेच (बाहेरच्या पत्त्याला केलेल्या विनंत्या) मिळतात, आणि एका स्वागताला दोन-तीनच लागतात. पण इथला नेहमीचा आजार वेगळा: एक माणूस आला, आणि त्याचं स्वागत थांबायचं नावच घेत नाही.

गेटवेबहुकइन्फो उघडा. लास्ट एररमध्ये "राँग रिस्पॉन्स फ्रॉम द वेबहुक" आणि पुढे ३०२ दिसेल. घडतं ते असं. टेलिग्राम अपडेट पाठवतं, तुमचं डूपोस्ट (अपडेट घेणारं फंक्शन) चालतं, स्वागत जातं. मग तुम्ही कंटेंट सर्व्हिसने (ॲप्स स्क्रिप्टची मजकूर परत देणारी सोय) उत्तर देता, आणि गूगल ते उत्तर थेट न देता दुसऱ्या पत्त्यावर वळवतं. टेलिग्रामला २०० (मिळालं) हवा असतो, मिळतो ३०२ (दुसरीकडे जा). त्याच्या हिशेबी अपडेट पोचलाच नाही, म्हणून तोच पुन्हा पाठवतं. पुन्हा स्वागत, पुन्हा ३०२.

दुरुस्ती दोन भागांत. डूपोस्टच्या शेवटी कंटेंट सर्व्हिसच्या जागी एचटीएमएल सर्व्हिसचं रिकामं आउटपुट परत करा. ते वळवलं जात नाही. आणि तरीही सुरक्षेचा पट्टा बांधायचाच: आलेला अपडेट_आयडी कॅश सर्व्हिसमध्ये २१,६०० सेकंदांसाठी ठेवा, म्हणजे सहा तास, तिथली कमाल मुदत तेवढीच. तोच आयडी पुन्हा आला तर काही न करता परत फिरा. मग तुंबलेले जुने अपडेट फेकायला एकदा सेटवेबहुक करताना ड्रॉप_पेंडिंग_अपडेट्स खरं ठेवा. हे एकदाच. कायम ठेवलंत तर प्रत्येक वेळी खरे मेंबरही त्यात वाहून जातील.

३०२ तरीही जात नसेल तर डिप्लॉयमेंटची परवानगी बघा. "हू हॅज ॲक्सेस" मध्ये "एनीवन" हवं. "एनीवन विथ गूगल अकाउंट" ठेवलं की टेलिग्रामला लॉगिनच्या पानाकडे ढकललं जातं, आणि टेलिग्रामचं काही जीमेल खातं नाही. "एक्झिक्यूट ॲज" मध्ये स्वतःचं खातं. पत्ता एक्झेकने संपणारा घ्यायचा. डेव्हने संपणारा फक्त लॉगिन केलेल्या संपादकाला उघडतो, म्हणून तुमच्या ब्राउझरमध्ये तो मस्त चालतो आणि टेलिग्रामला बंद मिळतो.

कोड बदलला तरी बॉट जुनंच बोलतोय? सेव्ह केल्याने एक्झेकवरचा कोड बदलत नाही. "मॅनेज डिप्लॉयमेंट्स" मध्ये जाऊन पेन्सिलवर क्लिक करा, व्हर्जनमध्ये "न्यू व्हर्जन" निवडा, मग डिप्लॉय. याऐवजी दरवेळी "न्यू डिप्लॉयमेंट" केलं तर नवा पत्ता तयार होतो, आणि वेबहुक बिचारा जुन्याच पत्त्यावर बसलेला असतो.

यूआरएल फेचला म्यूटएचटीटीपीएक्सेप्शन्स खरं द्या आणि टेलिग्रामचं उत्तर शीटच्या एका पानात लिहून ठेवा: वेळ, अपडेट_आयडी, उत्तराचा कोड, उत्तराचा मजकूर. चार रकाने. हे पान नसेल तर पुढचा सगळा भाग अंदाजपंचे.

४०९ आणि वीज

पोलिंगवाल्या बॉटच्या लॉगमध्ये ४०९ कॉन्फ्लिक्ट दिसला तर दोनपैकी एक. वेबहुक लावलेला असताना कोणी पोलिंग सुरू केलं, डिलीटवेबहुक करा. किंवा एकाच टोकनावर दोन प्रती चालू आहेत, एक सर्व्हरवर आणि एक कोणाच्या तरी लॅपटॉपवर. दोघी एकमेकींना तोडत राहतात, आणि स्वागत कधी होतं, कधी नाही. लॅपटॉप कोणाचा ते कबूल व्हायला वेळ लागतो. त्यापेक्षा बॉटफादरकडे रिव्होक करून नवं टोकन घ्या आणि ते एकाच ठिकाणी ठेवा. चाचणीसाठी वेगळा बॉट, वेगळं टोकन. बॉट बनवायला पैसे पडत नाहीत.

कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बॉट ठेवला असेल तर वीज आलीच. अक्कलकोट रोडला लाइट गेली आणि आली, मशीन सुरू झालं, पण राउटर अजून उठतोय. प्रोग्राम आधी जागा होतो, नेट नाही म्हणून एरर देऊन मरतो, आणि त्याला कोणी उठवत नाही. लिनक्स असेल तर सिस्टमडीची सर्व्हिस बनवा, रीस्टार्ट ऑलवेज आणि रीस्टार्टसेक १० ठेवा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायची सेटिंगही चालू हवी. राउटर आणि मशीन दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घेतलं तर सगळ्यात बरं.

टेलिग्राम न उचललेले अपडेट २४ तासांपर्यंत ठेवतं. त्याहून जास्त वेळ बंद असलात तर मधले मेंबर गेले. कमी वेळ असलात तर उलटं होतं: बॉट उठतो आणि सकाळपासून आलेल्या सगळ्यांना एका दमात नमस्कार घालतो. अपडेटमधली तारीख बघा. दहा मिनिटांहून जुना असेल तर वेगळं स्वागत नको, सगळी नावं मिळून एक मेसेज.

बातमी पोचते, पण उत्तर परत येतं

लॉगमध्ये ४०० किंवा ४०३ दिसत असेल तर तुम्ही इथे आहात.

"कान्ट पार्स एंटिटीज" हा सगळ्यात जास्त दिसणारा. "काही लोकांचं स्वागत होतं, काहींचं नाही" याचं उत्तर बहुतेक हेच. मार्कडाउनमध्ये मेसेज पाठवताय आणि नावात अंडरस्कोर किंवा तारा आहे. टेलिग्रामला तो तिरप्या किंवा ठळक अक्षरांची सुरुवात वाटतो, शेवट सापडत नाही, आणि अख्खा मेसेज नाकारला जातो. व्यापाऱ्यांच्या ग्रुपमध्ये लोक नावाच्या जागी फर्मचं नाव टाकतात, पुढे किंवा मागे एखादा तारा लावून, म्हणून तिथे हे जास्त.

एररमध्ये जागाही दिलेली असते, पण ती बाइटमध्ये. "नमस्कार रवी_माल" असा मेसेज गेला तर एरर ३१ हा आकडा दाखवतो, आणि लोक ३१ वं अक्षर शोधत बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, ३ बाइटचं. "नमस्कार" मध्ये अशी ७ चिन्हं, म्हणजे २१. मग जागेचा १. मग "रवी" ची ३ चिन्हं, ९. झाले ३१ बाइट, पुढचाच तो अंडरस्कोर.

उपाय म्हणजे एचटीएमएल मोड. मार्कडाउनव्ही२ मध्ये १८ चिन्हांना उलटा स्लॅश लावावा लागतो, पूर्णविराम आणि उद्गारचिन्हसुद्धा त्यात आलं. एचटीएमएलमध्ये तीनच बदलायची: अँपरसँड, लहानचं चिन्ह, मोठंचं चिन्ह. अँपरसँड आधी बदला. नंतर बदललात तर आधीच्या दोघांच्या बदलीत आलेले अँपरसँडही पुन्हा बदलले जातील.

नावाला आणखी एक कात्री लावा. स्पॅमवाले नावातच लिंक घालून येतात, आणि तुमचा बॉट मोठ्या अदबीने ती लिंक ग्रुपभर वाचून दाखवतो. नावातून लिंक आणि ॲटचं चिन्ह काढा, तीसेक अक्षरांवर कापा, लिंक प्रीव्ह्यू बंद ठेवा.

"ग्रुप चॅट वॉज अपग्रेडेड टू अ सुपरग्रुप चॅट" हा दुसरा. कोणी ग्रुपला पब्लिक नाव दिलं किंवा जुने मेसेज नव्यांना दिसण्याची सोय केली की साधा ग्रुप सुपरग्रुप होतो आणि त्याचा आयडी बदलतो. नवा आयडी उणे १०० ने सुरू होतो. कोडमध्ये जुना आयडी पक्का लिहिला असेल आणि "आपलाच ग्रुप असेल तर स्वागत कर" अशी अट असेल, तर एररही येत नाही, बॉट नुसता गप्प. एररसोबत मायग्रेट_टू_चॅट_आयडी मिळतो, तो घेऊन साठवा. आयडी साठवताना ३२ बिटांचा पूर्णांक वापरू नका, मावत नाही.

"नॉट इनफ राइट्स" आला तर ग्रुपच्या परवानग्या बघा. मेंबरांचं मेसेज पाठवणं बंद केलेलं असेल तर ॲडमिन नसलेला बॉटही त्यात अडकतो. टॉपिक असलेल्या ग्रुपमध्ये जनरल टॉपिक बंद केला असेल तर मेसेज_थ्रेड_आयडी देऊन स्वागत उघड्या टॉपिकमध्ये पाठवावं लागतं.

४०३ आणि "बॉट कान्ट इनिशिएट कन्व्हर्सेशन" म्हणजे तुम्ही खाजगीत नियम पाठवायला गेलात. ज्याने बॉटला कधी स्टार्ट केलं नाही त्याला बॉट आपण होऊन मेसेज करू शकत नाही. यावर पळवाट शोधू नका. स्टार्टची लिंक असलेलं बटण द्या. ग्रुप जॉइन रिक्वेस्टवर असेल तर मात्र सवलत आहे: रिक्वेस्ट आल्यापासून ५ मिनिटं, ती मंजूर-नामंजूर होईपर्यंत, बॉट त्या माणसाला खाजगीत लिहू शकतो. त्यासाठी बॉटकडे लोकांना बोलावण्याचा ॲडमिन हक्क हवा.

गड्ड्याची गर्दी

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, वेळी होम मैदानावरच्या स्टॉलला क्यूआर लावला की संध्याकाळी माणसं लोंढ्याने जॉइन होतात. एका ग्रुपमध्ये बॉटने मिनिटाला २० पेक्षा जास्त मेसेज टाकू नयेत अशी टेलिग्रामची मर्यादा आहे. ओलांडली की ४२९, सोबत रिट्राय_आफ्टर. तिथे जेवढे सेकंद लिहिलेत तेवढं थांबायचं. लगेच पुन्हा पाठवणारा कोड स्वतःची रांग वाढवत बसतो.

खरं तर मिनिटाला २० स्वागतं कोणाला वाचायची आहेत? नावं ६० सेकंद जमा करा आणि एकच मेसेज टाका; ४०९६ अक्षरांची मर्यादा सहसा आड येत नाही. नवं स्वागत पडलं की आधीचं पुसा. त्यासाठी आधीच्या मेसेजचा आयडी फाइलमध्ये किंवा शीटमध्ये ठेवा. नुसता मेमरीत ठेवलात तर रीस्टार्टनंतर तो हरवतो आणि जुनी स्वागतं तशीच पडून राहतात. ४८ तासांपेक्षा जुना मेसेज बॉटला पुसता येत नाही.

गर्दीत स्पॅमही येतो, म्हणून लोक नव्या माणसाला बटण दाबेपर्यंत गप्प ठेवतात. मुदत देताना सांभाळा. रिस्ट्रिक्टची मुदत ३० सेकंदांपेक्षा कमी किंवा ३६६ दिवसांपेक्षा जास्त दिली तर टेलिग्राम ती कायमची धरतं. "फक्त २० सेकंद" म्हणून बंद केलेला माणूस जन्मभर मुका, आणि त्याला सांगताही येत नाही.

भाषा आणि बटणं

सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात हिंदी आणि मराठी. स्वागत ज्याच्या त्याच्या भाषेत व्हावं असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी लँग्वेज_कोडवर विसंबू नका. तो माणसाची भाषा सांगत नाही, ॲपची सांगतो, आणि बहुतेकांचं ॲप इंग्रजीत असतं. एक मराठी ओळ आणि खाली भाषांची बटणं, हे जास्त चालतं.

बटणाच्या कॉलबॅक डेटाला ६४ बाइटची मर्यादा आहे. "नियम_वाचले_आणि_मान्य_आहेत" हे दिसायला छोटं, पण २१ चिन्हांचे ६३ बाइट आणि ४ अंडरस्कोर, एकूण ६७. बटण_डेटा_इनव्हॅलिड येतो आणि स्वागतच जात नाही. बटणावर दिसणारा मजकूर खुशाल मराठीत ठेवा, आतला डेटा दोन-तीन इंग्रजी अक्षरांचा. बॉटच्या आज्ञाही इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांच्याच बनतात. "/नियम" ही टेलिग्रामच्या लेखी आज्ञा नाही, प्रायव्हसी चालू असेल तर ती बॉटला दिसतही नाही.

बटण दाबल्यावर नुसतं गोल फिरत राहत असेल तर आन्सरकॉलबॅकक्वेरी पाठवायची राहिली आहे. तिच्यातूनच २०० अक्षरांपर्यंतचा मजकूर फक्त दाबणाऱ्याला दाखवता येतो. नियम दोन ओळींचे असतील तर तिथेच दाखवा, ग्रुप स्वच्छ राहतो.

तयार बॉट वापरत असाल तर

"रोज" (इंग्रजीत गुलाब) नावाच्या बॉटसारखा तयार बॉट घेतलात तर वरचं निम्मं ओझं उतरतं, आणि छोट्या ग्रुपने तेच करावं. वेलकम ऑन, सेटवेलकम आणि मजकूर, क्लीनवेलकम ऑन, एवढं पुरतं. महिरपी कंसातले फर्स्ट, मेन्शन, चॅटनेम हे शब्द इंग्रजीतच हवेत. मराठीत लिहिले की ग्रुपमध्ये जसेच्या तसे छापले जातात. दोन तयार बॉट एकदम ठेवले की दोन स्वागतं होणारच. एकाचं वेलकम ऑफ करा.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी दुसऱ्या खात्यावरून, आणि प्रत्येक वाटेने वेगळी: लिंकने येऊन, कोणीतरी आत घेऊन, रिक्वेस्ट मंजूर करून, आणि एकदा बाहेर पडून परत येऊन. त्यानंतर बॉटचं मशीन पाच मिनिटं बंद ठेवा, मधल्या वेळात त्या खात्याने जॉइन व्हा, मग मशीन सुरू करा. शेवटी त्या खात्याचं नाव बदलून त्यात एक अंडरस्कोर घाला आणि पुन्हा आत या.